वाचनयादी कधीच संपत नाही, तेव्हा काय करावे?

वाचकाचे पत्र

मी सामाजिक शास्त्रांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात शिकते आहे. चार विषय आहेत आणि प्रत्येक विषयाचे प्राध्यापक दर आठवड्याला सात-आठ नोंदींची वाचनयादी देतात. पाने मोजली तर एका विषयाचीच सुमारे अडीचशे भरतात. मी पहिल्या लेखाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करते, अडलेला प्रत्येक शब्द कोशात पाहते, महत्त्वाच्या वाटलेल्या ओळी हायलाइटरने रंगवते, आणि चर्चेचा तास येतो तेव्हा जेमतेम दीड लेख वाचून झालेला असतो. बाकीचे विद्यार्थी सहज बोलतात, मी गप्प बसते. गेल्या आठवड्यात तर न वाचता जाण्याची लाज वाटून मी तासालाच गेले नाही. हे सारे वाचन इंग्रजीत आहे आणि इंग्रजी माझी मातृभाषा नाही, हीही अडचण आहेच. वेगवाचनाचा वर्ग लावू का? तयार सारांशांवर भागवू का? की हे शिक्षण माझ्या आवाक्याबाहेरचेच आहे?

– एक विद्यार्थिनी

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न मनात घोळत असेल तर बाकीच्या सूचनांकडे तुझे लक्ष लागणार नाही. तू दिलेल्या आकड्यांवरूनच हिशेब करून पाहू. अडीचशे पाने आणि पानाला चारशे शब्द धरले, तर एका विषयाचे आठवड्याचे वाचन एक लाख शब्दांचे होते. मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने २०१९ मध्ये वाचनवेगावरचे १९० अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा प्रौढ वाचक इंग्रजीतला ललितेतर मजकूर मनातल्या मनात वाचताना मिनिटाला सरासरी २३८ शब्द वाचतात असे त्याला आढळले. या वेगाने एक लाख शब्दांना सात तास लागतात आणि चार विषयांना अठ्ठावीस. सैद्धांतिक लेख थांबत, मागे जात, टिपणे काढत वाचायचा तर हा वेळ सहज दुप्पट होतो, म्हणजे आठवड्याला छप्पन्न तास. त्यात व्याख्याने, असाइनमेंट, घरची कामे आणि झोप यांपैकी काहीही धरलेले नाही, आणि परक्या भाषेत वाचताना लागणारा जादा वेळही धरलेला नाही. ही यादी तुला पूर्ण करता येत नाही, कारण ती अशा रीतीने कोणालाच पूर्ण करता येणार नाही. वर्गात सहज बोलणाऱ्या मुलामुलींनीही ती बहुधा पूर्ण केलेली नसते. कशाला किती वेळ द्यायचा, हे त्यांनी तुझ्याआधी ठरवलेले असते, इतकेच.

मग प्राध्यापक इतकी लांब यादी देतातच का, हा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कळले की निम्मी वाट सापडते. यादी करणाऱ्याच्या मनात एकाच वेळी अनेक वाचक असतात. काही नोंदी सर्वांनी वाचून याव्यात आणि त्यांवर चर्चा व्हावी म्हणून दिलेल्या असतात. काही, त्या प्रश्नावर किती परस्परविरोधी भूमिका घेतल्या गेल्या आहेत हे दिसावे म्हणून असतात. काही, पुढे त्याच विषयावर निबंध किंवा प्रबंध लिहिणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या सोयीसाठी असतात. एखादे जुने पुस्तक तर केवळ एवढ्यासाठी असते, की ती संकल्पना पहिल्यांदा तिथे मांडली गेली. शिवाय यादीत दरवर्षी नवे लेख घातले जातात आणि जुने काढायला मात्र सहसा कोणी धजत नाही. ही सगळी कारणे कागदावर मात्र दिसत नाहीत. तिथे आठ ओळी एकाखाली एक, सारख्याच टाइपात छापलेल्या असतात, आणि प्रामाणिक विद्यार्थी त्या आठही ओळींना सारखेच देणे लागतो असे समजून पहिल्या ओळीपासून वाचू लागतो. तुझ्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. तुझा प्रामाणिकपणा चुकीच्या जागी खर्च होतो आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेव्हा वाचायला बसण्याआधी प्रत्येक नोंद यादीत कोणत्या कामासाठी आली आहे, हे ठरवण्याला अर्धा तास दे. सर्वांत सोपा मार्ग विचारण्याचा आहे, मात्र प्रश्न कसा विचारतेस याला महत्त्व आहे. ‘सगळे वाचायलाच हवे का?’ असे विचारले तर बहुतेक प्राध्यापक ‘हो’ म्हणतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्याऐवजी ‘या आठवड्याची चर्चा मुख्यतः कोणत्या दोन लेखांभोवती असेल, आणि ते वाचताना कोणता प्रश्न मनात ठेवू?’ असे विचार. या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्यांना आनंदच होईल, कारण विद्यार्थी विचार करून वाचणार आहे हे त्यातून दिसते. विचारण्याची सोय नसेल, तर अभ्यासक्रमपत्रिकेत त्या आठवड्याला दिलेले शीर्षक पाहा, आणि यादीतल्या लेखकांची आडनावे एकमेकांच्या लेखांत शोधून पाहा. पीडीएफमध्ये हा शोध काही सेकंदांत होतो. आठपैकी चार जणांनी एकाच लेखकाशी वाद घातलेला किंवा त्याचा आधार घेतलेला दिसला, तर मूळ लेख कोणता हे तुला कोणी सांगण्याची गरज उरत नाही. ग्रंथपालांची मदत घ्यायलाही संकोच करू नकोस. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवावा असा आहे. त्या अर्थाने तुझा वेळ वाचवणे हा ग्रंथपालांच्या कामाचाच भाग आहे.

अशी पाहणी झाली की बहुतेक आठवड्यांत एक किंवा दोन नोंदी नीट, शब्दशः वाचण्याच्या निघतात, तीन-चार नोंदींचा मुद्दा आणि त्यामागचा पुरावा समजला तरी पुरते, आणि उरलेल्या नोंदी कशाबद्दल आहेत एवढे ठाऊक असले म्हणजे झाले. ही वाटणी चुकेल अशी भीती बाळगू नकोस. चर्चेत एखादा लेख अनपेक्षितपणे महत्त्वाचा ठरला, तर तो तासानंतर वाचता येतो, आणि त्या वेळी तो तुला अधिक समजतोही, कारण त्यात काय शोधायचे हे तोवर कळलेले असते.

आता मधल्या गटातला एक लेख कसा वाचावा, ते थोडे तपशिलात सांगते, कारण तुझी खरी कोंडी तिथे होते आहे. समज, तुझ्यासमोर स्थलांतरावरचा तीस पानांचा लेख आहे. शीर्षक आणि गोषवारा वाचून झाल्यावर थेट प्रस्तावनेच्या शेवटच्या दोन-तीन परिच्छेदांकडे जा. पूर्वीच्या अभ्यासकांनी काय म्हटले, त्यात काय राहून गेले आणि ‘या लेखात मी असे दाखवणार आहे’ हे लेखक बहुधा तिथेच सांगतो. ते एक वाक्य शोध आणि फक्त त्याखाली रेघ मार. नंतर मधले सारे सोडून निष्कर्ष वाच, आणि सुरुवातीला जे दाखवण्याचे कबूल केले होते तेच शेवटी दाखवले आहे का, हे ताडून पाहा. घरातला पुरुष कामासाठी दूर गेल्यावर घरातले निर्णय कोण घेतो ते बदलते, असे प्रस्तावनेत म्हटलेले असेल आणि निष्कर्षात मात्र, ज्या घरांत पाठवलेला पैसा थेट स्त्रीच्या हाती येतो तिथेच तो बदल दिसला, असे लिहिलेले असेल, तर दावा वाटेत आक्रसला आहे. तो का आक्रसला, हा तुझा चर्चेतला प्रश्न झाला, आणि तो वीस मिनिटांत तुझ्या हाती आला. त्यानंतर उपशीर्षके आणि तक्ते पाहून, हा दावा लेखाच्या ज्या भागावर उभा आहे तो भाग निवड आणि तेवढा मात्र शब्दशः वाच. मुलाखतींतून आलेली माहिती असेल तर किती जणांच्या आणि कोणी निवडलेल्या, सर्वेक्षण असेल तर कोणाला वगळून, हे तिथेच कळते. असा लेख तासाभरात हाताळता येतो, आणि पहिल्या ओळीपासून तिसाव्या पानापर्यंत थकून रेटत नेलेल्या लेखापेक्षा तो अधिक लक्षात राहतो.

यादीत अख्खे पुस्तक असेल तर अनुक्रमणिका आणि प्रास्ताविक यांच्या जोडीला शेवटची सूची आवर्जून पाहा. ज्या संकल्पनेपुढे सर्वांत जास्त पृष्ठक्रमांक लागलेले असतात, ती त्या पुस्तकाचा कणा असते, आणि ते पृष्ठक्रमांक ज्या प्रकरणात दाटीने आलेले असतात, ते प्रकरण आधी वाचावे. संशोधन नियतकालिकांत त्या पुस्तकाचे परीक्षण आलेले असेल तर तेही मिळव. दोन-तीन पानांत त्याच क्षेत्रातला दुसरा अभ्यासक पुस्तकाचा मुद्दा आणि त्यातली उणीव दोन्ही सांगतो.

ही पद्धत सर्वच मजकुरांना लागू पडत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. ज्या लेखनात मुद्दा हळूहळू घडत जातो आणि निष्कर्ष आधी वाचून काहीच हाती लागत नाही, असे सैद्धांतिक लेखन संथपणे, सलग आणि पुन्हा वाचण्याला पर्याय नाही. वर ज्या एक-दोन नोंदी शब्दशः वाचायच्या म्हटल्या, त्यांत हे लेखन अग्रक्रमाने धर. अशा लेखनाची चाळीस पाने एकदा घाईने वाचण्यापेक्षा त्यांतली दहा पाने दोनदा वाचावीत, असे माझे ठाम मत आहे. बाकीच्या नोंदींतून वाचवलेला वेळ इथे खर्च करता यावा, यासाठीच तर ती सगळी निवड करायची. पदव्युत्तर शिक्षणाचा खरा आनंद याच वाचनात आहे, आणि तो तुला अजून मिळालेला नाही असे तुझ्या पत्रावरून वाटते.

भाषेच्या अडचणीबद्दल तू एकच वाक्य लिहिले आहेस, पण माझ्या मते तुझा सर्वाधिक वेळ तिथेच जातो आहे. पॉल नेशन हे शब्दसंग्रहाचे अभ्यासक. त्यांनी एका सहकारी संशोधिकेबरोबर २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की परक्या भाषेतला मजकूर कोणाच्या मदतीशिवाय समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. तो अभ्यास गोष्टींच्या मजकुरावरचा होता, तरी त्याचा अर्थ आपल्या कामाचा आहे: तीनशे शब्दांच्या पानावर पाच-सहा अनोळखी शब्द असले तरी अर्थाला धक्का लागत नाही, पण वीस-पंचवीस असले तर नुसत्या जिद्दीने काही साधत नाही. म्हणून पहिल्या वाचनात कोश उघडूच नकोस. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब देऊन पुढे जा, आणि पान संपल्यावर ज्या शब्दावाचून मुद्दाच अडला असेल किंवा जो त्याच लेखात तिसऱ्यांदा भेटला असेल, तेवढाच कोशात पाहा. प्रत्येक विद्याशाखेचे शंभर-दोनशे शब्द पुन्हा पुन्हा येत राहतात. विषयवार वही करून ते पहिल्या सत्रातच पक्के केलेस, तर पुढच्या सत्रांतला तुझा वेग आपोआप वाढलेला दिसेल. एखाद्या संकल्पनेवर मराठीत चांगला लेख किंवा कोशातली नोंद उपलब्ध असेल, तर ती आधी वाचण्यात कमीपणा काहीच नाही. ओळखीच्या भाषेत मुद्दा एकदा समजला, की परक्या भाषेतली वाक्ये पुष्कळशी आपण होऊन उलगडतात.

यावरून वेगवाचनाच्या वर्गाबद्दलही माझे मत तुझ्या लक्षात आले असेल. वाचताना डोळा ओळीवरून सलग घसरत नाही. तो उड्या घेतो आणि प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो. त्या थांब्यात जेमतेम काही अक्षरेच स्पष्ट दिसतात, आणि अख्खी ओळ किंवा अख्खे पान एका नजरेत टिपणे डोळ्याच्या रचनेलाच मानवत नाही. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचनावरच्या संशोधनाचा जो विस्तृत आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्षही हाच आहे, की वेग बराच वाढवला तर आकलन घटते, आणि समजून वाचण्याचा वेग वाढवण्याचा भरवशाचा मार्ग भाषेवरची पकड आणि भरपूर वाचन हाच आहे. वर्गाची फी आणि वेळ दोन्ही वाचव.

तयार सारांशांचे उत्तर इतके सरळ नाही. चांगल्या अभ्यासकाने लिहिलेला परिचय किंवा परीक्षण वाचणे हे अभ्यासाचेच अंग आहे, आणि शेवटच्या गटातल्या नोंदींसाठी तेवढे पुरेसेही असते. पण कोणी लिहिले हे ठाऊक नसलेला सारांश, किंवा यंत्राकडून तयार करून घेतलेला सारांश, यांबाबत दोन गोष्टी लक्षात ठेव. पहिली अशी, की यंत्र अधूनमधून लेखात नसलेली विधाने लेखकाच्या नावावर अगदी आत्मविश्वासाने घालते, आणि मूळ लेख न वाचलेल्या माणसाला ती ओळखता येत नाहीत. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सारांश लेखकाचे मत सांगतो, पण लेखक त्या मतापर्यंत कोणत्या पुराव्याने आणि कोणत्या पायऱ्यांनी पोचला हे गाळूनच तो सारांश झालेला असतो, आणि विद्यापीठात तू शिकायला आली आहेस ते नेमके या पायऱ्या तपासायला. तेव्हा मुख्य लेखांबाबत आधी स्वतः वाच, आपल्या शब्दांत मुद्दा लिही, आणि मग हवा तर सारांशाशी ताडून पाहा. असाइनमेंटमध्ये आधार मात्र नेहमी मूळ लेखाचाच दे.

आता हायलाइटरविषयी. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाची दहा तंत्रे तपासली, तेव्हा ओळी रंगवणे आणि तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणे ही दोन्ही तंत्रे कमी उपयोगाची ठरली, तर स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास दिवसांवर विभागणे ही दोन सर्वाधिक उपयोगाची. त्याआधी २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी केलेला एक प्रयोग तुला मुद्दाम सांगते. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी तो एकदा वाचला आणि मग न पाहता आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. एका आठवड्यानंतर मात्र दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के. रंगवलेले पान पाहून आपल्याला सारे समजले असे वाटते, ते या पहिल्या पाच मिनिटांतले समाधान असते.

म्हणून प्रत्येक लेख वाचून झाला की तो मिटव आणि न पाहता चार गोष्टी लिही: लेखकाचा प्रश्न कोणता, त्याचे उत्तर काय, त्यासाठी पुरावा कोणता, आणि तुला त्यात काय पटले नाही. प्रत्येकी दोन-तीन वाक्ये पुरेत. जे आठवले नाही ते पुन्हा उघडून पाहा आणि पुढे पृष्ठक्रमांक लिही. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवशील तेव्हा अवतरणचिन्हे त्याच क्षणी घाल, कारण तीन महिन्यांनी वहीतले कोणते वाक्य तुझे आणि कोणते लेखकाचे हे सांगता येत नाही, आणि वाङ्मयचौर्याचे बरेचसे आरोप अशा निष्काळजी टिपणांतून उद्भवतात. लेखाचे नाव, वर्ष, नियतकालिक ही माहिती टिपणाच्या माथ्यावर आधीच लिहून ठेव, किंवा झोटेरोसारखी विनामूल्य संगणकप्रणाली वापर. सत्राच्या शेवटी संदर्भसूची करताना तुझे दोन दिवस वाचतील.

वर्गातल्या मौनाचे काय, हे राहिले. अपुरे वाचन ही लपवण्याची गोष्ट आहे असे तू मानतेस, म्हणून तुला बोलता येत नाही. ‘मी या लेखाची प्रस्तावना, निष्कर्ष आणि तिसरा भाग वाचला आहे. तिसऱ्या भागातल्या मुलाखती एकाच प्रकारच्या कुटुंबांतल्या वाटल्या, मग निष्कर्ष इतका सर्वसाधारण कसा?’ असे एखाद्या विद्यार्थिनीने विचारले, तर कोणताही चांगला शिक्षक तिच्या न वाचलेल्या पानांचा हिशेब मागत नाही. चर्चा अशाच प्रश्नातून सुरू होते. तासाच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच हा प्रश्न विचार. उशीर होत गेला की धीर कमी होत जातो. दोन-तीन सहाध्यायी मिळाले तर मधल्या गटातले लेख वाटून घ्या आणि प्रत्येकाने पृष्ठक्रमांकांसह एक पान लिहून इतरांना द्यावे. मात्र मुख्य लेख ज्याचा त्याने स्वतः वाचावा, हा नियम मोडू देऊ नका.

एवढे करूनही ओळी डोळ्यांपुढे विस्कटतात, अक्षरांची अदलाबदल होते किंवा दोन परिच्छेदही लक्ष टिकत नाही असे वारंवार जाणवले, तर ते आळसावर ढकलू नकोस. डोळे तपासून घे आणि वाचनदोष किंवा लक्ष टिकवण्याची अडचण आहे का, हे तज्ज्ञांकडून जाणून घे. अनेक विद्यापीठांत अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ आणि अन्य सवलती मिळतात. आणि तास चुकवण्याइतकी लाज पुन्हा पुन्हा दाटून येत असेल, झोप किंवा जेवण बिघडले असेल, तर विद्यार्थी समुपदेशकाशी बोलायला सत्र संपण्याची वाट पाहू नकोस.

मागच्या आठवड्यांतले जे वाचायचे राहून गेले, ते आता भरून काढायला बसू नकोस. तो ढीग उपसताना चालू आठवडाही हातचा जाईल. त्यातली असाइनमेंटला किंवा परीक्षेला लागणारी एक-दोन नावे बाजूला लिहून ठेव आणि बाकीची सोडून दे. या आठवड्यासाठी चारही विषयांतला मिळून एकच मुख्य लेख निवड, तो वर सांगितल्याप्रमाणे वाच, चार मुद्दे लिही आणि त्या तासाला जा. तू चुकवलेल्या तासाच्या प्राध्यापकांनाही भेट. कारणांचे स्पष्टीकरण लांबवू नकोस, ‘त्या दिवशीच्या चर्चेतला कोणता मुद्दा पुढच्या तासाला लागेल?’ एवढेच विचार, आणि ते ज्या लेखाचे नाव सांगतील तो पुढच्या आठवड्याच्या यादीत पहिला लिही.